इतवारीचा उजवा हात

४ नोव्हेंबर, सानगडी
लाखांदूरहून एसटीने आले आणि इतवारीच्या घरची पुढची खोली मिळाली. खिडकीतून तलाव दिसतो, मन निवलं. नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत तीस वर्षं फोटोंवरचे डाग ब्रशने पुसले, तो गेल्यावर लॅपटॉप स्वतःच शिकले. आता एआयकडून गावाकडची चित्रं बनवून ऑनलाइन चित्रबाजाराला पाठवते. अजून त्यांनी एकही घेतलं नाही, पण माझा हट्ट आहे. इतवारी तलावात मासे धरतो. त्याची बायको शकुन हिने रस्सा-भात वाढला. म्हणाली, सामान मंग लावजा बाई, अगुदर जेवा.

६ नोव्हेंबर
चित्रबाजाराने चारही चित्रं परत केली. एकात जाळं फेकणाऱ्याला सहा बोटं. दुसऱ्यात नावेवरची अक्षरं कुठल्याच भाषेतली नाहीत. तिसरं आधी पाठवलेल्यासारखंच. चौथ्यावर एआयने बनवल्याची खूण करायची राहिली. खरंच आहे त्यांचं. इतवारीला दाखवलं तर पोट धरून हसला. म्हणाला, बाई, याले सहा बोटं अन् एकबी दोरी धरून नाही राहिलं, मासे का आपल्या पायानं येतीन?

८ नोव्हेंबर
युक्ती सुचली. इतवारीला अंगणात जाळं धरून उभं केलं, त्याच्या उजव्या हाताचा फोटो काढला आणि चित्रातल्या माणसाच्या मनगटाला जोडला. सांधा शोधून सापडायचा नाही. खऱ्या माणसाचं काही वापरलं तर त्याची सही जोडावी लागते. तो म्हणे, हातच काहून, तोंड पाहवत नाही का माहं? सही केली. संमतीपत्रात मी लिहिलं: उजवा हात दिला.

१० नोव्हेंबर
स्वीकारलं! लगेच विकलंही गेलं. शकुनने शिरा केला. इतवारी मात्र तलावावरून लवकर परतला. जाळं हातातून सुटून गेलं म्हणाला. थंडी पडली आहे, बधिरला असेल.

१२ नोव्हेंबर
इतवारीची बोटं मिटतच नाहीत. साकोलीच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही.
नऊ तारखेला माशाचा काटा लागून त्याच्या अंगठ्याजवळ चीर पडली होती. हळद मीच भरली. आज पाहिलं तर तिथे गुळगुळीत कातडी. मनात काय आलं कोण जाणे, चित्र उघडलं. त्यातला फोटो तर आठ तारखेचा, काटा लागायच्या आधीचा.
चीर चित्रातल्या हातावर आहे. हळदीसकट.

१३ नोव्हेंबर
चित्र काढून टाकायला गेले. विकलेलं काढता येत नाही. सुधारून पुन्हा तपासायला पाठवता येतं. नाकारलं, तर जुनंही उतरतं. जन्मात पहिल्यांदा नकार हवा आहे मला. कारणं आता पाठ आहेत. सहावं बोट रंगवलं, नावेवर वेडीवाकडी अक्षरं काढली, एआयची खूण पुसली. कोणीही परत करील.

१४ नोव्हेंबर
स्वीकारलं.
शकुन सकाळपासून त्याचा पंजा मांडीवर घेऊन बसली आहे. करंगळीशेजारी गाठ आली आहे. गाठीला नख आहे.

१५ नोव्हेंबर
हात चित्रातून पुसून टाकला तर — नाही, इथलाही गेला तर — शकुन विचारते, बाई, तुमी काहून रडून राहिल्या, हात त याचा गेला. रागावत नाहीत दोघंही. जाळं खुंटीवर. डाव्या हाताने घास घेतो, सांडतो, माझ्याकडे पाहून हसतो —
दुपारी माझ्या उजव्या हाताचा फोटो काढला. त्याचा काढून माझा जोडला. बोटं पाच, मोजून. संमतीपत्र. सही माझी. पाठवलं.

१६ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहिते. स्वीकारलं —
इतवारी अंगणात जाळं झटकतो आहे. मूठ मिटते. गाठ नाही. शकुन देवाला हात जोडते —
माझा उजवा टेबलावर. माझा वाटत नाही. टेबल कोरडं, तरी हाताला ओलं लागतं. थंड. मुठीत दोरी आहे. दिसत नाही — आहे —
दोरी ताणली. मासा नाही. मासा असा थांबून थांबून — पाण्यातून कोणीतरी चाचपत, दोरी धरत, वर — बोटांपर्यंत — आता मनगटा