तुळशीच्या जागेवरची वेल

७ सप्टेंबर
आलो बाई एकदाचे श्रूजबरीला. एकतीस वर्षं न्यू जर्सीत काढली, आता लेक उर्वी दहा मिनिटांवर. मार्चमध्ये कुमारची बायपास झाली तेव्हापासून मला हेच हवं होतं. हा माणूस अजून वीस वर्षं मला छळायला हवा आहे, बाकी माझं मागणं नाही.

घर छोटं, पण दक्षिणेला काचेची सनरूम. तिथे आधीच्या मालकीणबाई, मिसेस लियांग, एक कुंडी ठेवून गेल्यात. नाजूक वेल, एका देठाला पाच पानं. सोबत चिठ्ठी: नाव जिआओगुलान, पानं सावलीत वाळवून चहा करा. खाली वेगळ्या पेनाने लिहिलंय की ही मादी आहे, जवळ नर लावू नका, एकटीच राहू द्या. म्हातारीला फळांचा कचरा नको असेल, दुसरं काय.

२१ सप्टेंबर
चहा जमला. मूठभर पानं खुडायची, ताटात पसरायची, कुरकुरीत झाली की बरणीत. उकळायचं नाही, गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं. मी सवयीने आलं-दूध घातलं तर कुमारने कपाळाला हात लावला. आधी कडवट, मागून गोड लागतो. गोळ्या बंद करायच्या नाहीत, असं बजावलंय त्याला. आता जिना चढताना मध्ये थांबत नाही.

१९ ऑक्टोबर
जर्सीहून मांडीवर घेऊन आणलेली तुळस गेली. डेकवर राहिली आणि थंडीने काळी पडली. मला रडूच आलं. रिकामं वृंदावन बघवेना, म्हणून ते सनरूममध्ये आणून त्यात वेल लावली. सकाळी पाणी, हळदकुंकू, संध्याकाळी दिवा. कुमार चिडवतो की चिनी बाईला सासुरवास करतेस. हात आपोआप जोडले जातात, त्याला मी काय करू?

१३ नोव्हेंबर
आज तुळशीचं लग्न. उर्वी म्हणत होती, तुळसच नाही तर या वर्षी स्किप कर. मी कसली ऐकते! एक्केचाळीस वर्षांत चुकवलं नाही. ऊस ग्रोसरीतला, फ्रोझन. बाळकृष्ण मात्र गराजमधल्या कुठल्या खोक्यात आहे देव जाणे. मग कुमारच म्हणाला, मी उभा राहतो नवरदेव म्हणून. हसून हसून बेजार झालो. उर्वी आणि तिच्या लेकीने, आन्याने, अंतरपाट म्हणून शाल धरली, मंगलाष्टकं यूट्यूबवर. वेलीला मी माझी जुनी काळी पोत बांधली, कुमारने हार घातला. तेवढ्यात वेलीचा एक दोऱ्यासारखा ताणा त्याच्या शर्टच्या बटणाला असा गुंडाळला की सोडवायला पाच मिनिटं लागली.

१८ नोव्हेंबर
कुमारचे कानाजवळचे केस काळे होतायत. डॉक्टर रिपोर्ट बघून खूश. आन्या म्हणते, आजोबा बाबापेक्षा यंग दिसतात. मला आनंद व्हायला हवा. पण तो दिवसभर सनरूममध्ये बसतो. सकाळी दोन कप घेऊन जातो. मला वाटलं, एक माझा. दुसरा तो वृंदावनात ओततो, फुंकर घालून.

२३ नोव्हेंबर
राहवलं नाही, मिसेस लियांगना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, जवळ काय लावलंत. काहीच नाही, म्हटलं, आणि गंमत म्हणून लग्नाचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या की या घरात त्या एकोणीस वर्षं विधवा म्हणून राहिल्या. वेलीला द्यायला घरात कुणी पुरुष नव्हता, म्हणूनच ती शांत होती. फळ धरलंय का बघा म्हणाल्या, धरलं असेल तर — तिथे लाइन कट झाली. पुन्हा लावला तर त्यांनी उचलला नाही.

२६ नोव्हेंबर
धरलंय. काळी फळं, मण्यांएवढी. घोसच्या घोस.

कात्री घेऊन गेले. एकच फांदी कापली. तिकडे किचनमध्ये कुमार छाती धरून खाली बसला. शर्ट उघडून बघितलं तर बायपासची रेघ ओली — रक्त नाही, हिरवट पाणी. कात्री लपवून ठेवली. मला भीती वाटते. ती कापली तर हा जाईल, नाही कापली तर —

२८ नोव्हेंबर
उर्वी त्याला हॉस्पिटलमध्ये न्यायला आली. तो सनरूमचा उंबरा ओलांडेना. म्हणतो, बायकोला एकटं कसं सोडू. उर्वीला वाटलं, माझ्याबद्दल बोलतोय. गहिवरली पोर. मी दारातच उभी होते — त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

३० नोव्हेंबर
कापायचं नाही. सोडवायचं. पोत मी बांधली, मीच सोडणार.

गाठ सापडत नाही. फळ कुठलं, मणी कुठला — ओढलं की कुमार आतून कळवळतो — थांबले.

स्वतःचा गळा चाचपला. रोजचं मंगळसूत्र. वाट्या आहेत, दोरा आहे. मणी एकही नाही —

१ डिसेंबर
सकाळ. सनरूमच्या दारातून कुमार कप घेऊन पुढे झाला. तिशीतला — आमच्या लग्नातला. हसला. तेच हसू. वाटलं, आठवलं याला. सगळं आठवलं.

कप माझ्या हातात दिला. फार अदबीने विचारलं, काकू, तुम्ही अजून किती दिवस राहणार आहात.

मी म्हटलं, अरे कुमार, मी तुझी —