कुलपापुढची जपमाळ

लोणावळा,
१ नोव्हेंबर

प्रिय हिराअक्का,

प्रभूत सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या संदेशची नाइट ड्यूटी संपली का? फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या इथल्या घराशेजारच्या विठाबाईंच्या गणेशकडे ही चिठ्ठी देतेय. तो आज दुपारी कामाला तुमच्या देहूरोडला येतोच आहे.

अगं, काल जे झालं ते कधी एकदा तुला सांगते असं झालंय!

यंदाही ऑक्टोबरभर मरियामातेची मूर्ती आपल्या चर्चच्या गटात घरोघरी फिरली. जिथे जपमाळ तिथेच रात्रीचा मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरच्या बाईने ती पुढे न्यायची. शेवटचा दिवस दरवर्षी तुझा. तू संदेशकडे राहायला गेलीस, म्हणून यंदा तो गटातल्या प्रेरणाला दिला होता, तिच्या नव्या फ्लॅटवर. पोरीने पातेलंभर चणे उकडून ठेवले होते.

माझ्या घरून मेणबत्त्या घेऊन, गात निघालो. भांगरवाडीच्या वळणावर सगळ्यांचे पाय आपोआप डावीकडे वळले. मूर्ती धरलेली मी तर सगळ्यांत पुढे! गाणं संपलं तेव्हा आम्ही तुझ्या दारात, आणि दाराला भलंमोठं कुलूप. आधी सगळे हसलो. मग मेणबत्त्या तशाच हातात धरून कुलपाकडे बघत राहिलो.

विठाबाई धावत बाहेर आल्या. "हिराबाई आली व्हय?"

"नाही हो मावशी."

"मग कुलपाम्होरं कशाला उभ्या? आमच्या वट्यावर बसा की."

फर्नांडिस अंकल मात्र तुझ्या पायरीवरच बसले. म्हणाले, "हिराचा नवरा आजारी होता तेव्हा या दारात यायला हवं होतं. आपण कुणीच आलो नाही." अक्का, वर्षभर जे तू मनात धरून बसलीस, ते त्यांनी सगळ्यांसमोर बोलून टाकलं. मला रडूच फुटलं. तू ठेवायला दिलेली चावी माझ्या पर्समध्ये होती, पण तुझ्याशिवाय दार उघडायला मन धजेना. तिथेच रस्त्यावर गुडघे टेकून आम्ही अख्खी जपमाळ म्हटली, भाऊजींचं नाव घेऊन. प्रेरणाने चणे तिथेच आणून वाटले.

मूर्ती रात्री विठाबाईंनी आपल्या देवघरात ठेवली. आज सकाळी चर्चमध्ये न्यायला गेले, तर बाई दार अडवून उभ्या! "ज्यांच्या दारात माळ झाली त्यांनीच न्यायची, तुमीच म्हनता न्हवं? मग हिराबाईच नेईल. म्या दुसऱ्या कुनाला द्यायची न्हाई." मी खूप विनवलं. त्या ऐकतायत कसल्या!

आता तूच सांग, काय करू?

उद्या मृतांचा स्मरणदिन. कबरस्तानात सगळा गट येणार आहे. भाऊजींच्या कबरीवरचं गवत मी काढून ठेवलंय. फुलं आणलेली नाहीत. ती तू आण.

उद्या सकाळी तुझ्या घराची चावी घेऊन स्टेशनवर उभी असेन,
तुझी
शालन