रिकामं गाडगं

मंगळवार, दिवेलागण. निमगाव केतकी.

पंधरा दिवस वहीकडं फिरकलो नाही, चुकलंच. नात प्राजक्ता आणि तिच्या मैत्रिणींनी वरकुट्यात सामाईक भाजीपाला लावलाय. त्यासाठी आईपासून राखेत जपलेलं गावरान वांग्याचं बी मी तिला दिलं. आनंदाच्या भरात गाडगं पार रिकामं केलं. मूठभर बी घरी ठेवायची रीत, तीच विसरलो.

आज वरकुट्याहून आलेले माझे जुने दोस्त रशीदभाई म्हणाले, "आबा, शेजारच्या उसात तणनाशक मारलंय, वारं पोरींच्या वाफ्यांकडंच हाय, रोपं जळत्याल. पण तुमी मूठभर राखलं असंलच की, चिंगूस माणूस!" मी हसून मान डोलावली. खोटीच.

तेव्हापासून गाडग्यात तीनदा हात घातला. नुसती राख. आईचं बी माझ्याच हातून संपलं तर? प्राजक्ताचा फोन लागत नाही. पोरी, एक रोप जरी उभं असलं तरी लवकर कळव.