सुर्ल्याची पांढरी पुस्तकं

धारगळ, मंगळवार, संध्याकाळ

सुर्ल्याहून परतलो तरी जीव थाऱ्यावर नाही. पेटी उघडली आणि न वाजवताच मिटून ठेवली.

गेल्या वर्षी तिथल्या शाळेला मी गोष्टींची पुस्तकं दिली होती, प्रत्येकावर सही करून. आज मास्तरांनी मोठ्या अभिमानाने कपाटाचं कुलूप काढलं. खाणीच्या ट्रकांच्या धुळीने त्या गावात झाडं, कौलं, मुलांचे सदरे, सगळं तांबडं. पुस्तकं मात्र पांढरीशुभ्र!

"भुरग्यांक दिलीं नांत?" मुलांना ती वाचायला दिली नाहीत का, म्हणून मी विचारलं.

"तुमची सही आसा न्ही! मळटलीं. दसऱ्याक पुजेक काडटांव."

एका चिमुरडीने हळूच एक पुस्तक उचललं. मास्तर ओरडले, "आदीं हात धुवन यो!" ती गेली ती परत आलीच नाही. कव्हरावर तेवढं तिचं तांबडं बोट उमटलं. आणि मी? इतका मोठा कलाकार, आणि तिला परत बोलावूही नये?

देवळातल्या पेटीवर मी शेतातल्या चिखलाच्या हातांनी शिकलो. भजनीबुवांनी ती कुलपात ठेवली असती तर आज माझी सही कुणाला हवी असती?

मास्तरांवर चिडावं, तर तेही जमत नाही. गेल्या वर्षी भाषणात मीच म्हटलं होतं, "मुलांनो, ही पुस्तकं देवासारखी जपा."