आमच्या गच्चीवरचं ऊन

११ जून
बारा मजले! आणि एक नाही, दोन टॉवर! आमच्या गावात सगळ्यात उंच काय, तर मशिदीचा मिनार. आणि हे लोक जुन्या बियाणे केंद्राच्या शेतात बारा मजले चढवणार. बोर्ड पण लागलाय. त्यावर हिरवळ आणि सोनेरी केसांचं एक बाळ. इथे कुणाचं बाळ असं आहे?

शेत आमच्या गल्लीच्या पश्चिमेला. म्हणजे दुपारनंतर गच्चीवर ऊन संपलं. आणि ऊन संपलं की जर्दाळू संपले — ओले राहतात, काळे पडतात, फेकायचे. पूर्ण गल्ली जर्दाळू वाळवून वर्ष काढते. मी राजधानीत, बिश्केकला, इंग्लिश शाळेत शिकले ते याच जर्दाळूंवर, आणि मम्मी-पापा रशियातून पाठवतात त्यावर.

कॉलेज सप्टेंबरपर्यंत बंद. माझ्याकडे वेळच वेळ आहे. हे मी होऊ देणार नाही.

१४ जून
पहिली मीटिंग! सैराकान एजेंच्या, म्हणजे गल्लीच्या थोरल्या ताईंच्या, तंदूरपाशी. गल्लीतली प्रत्येक बाई रोटी घ्यायला तिथे येतेच, मग वेगळं बोलवायला कशाला लागतं. मी नकाशा दाखवला, सावली कुठपर्यंत येईल ते खडूने रस्त्यावर काढलं. सैराकान एजे पीठ मळता मळता म्हणाल्या, "म्हणजे बाराव्या मजल्यावरचा माणूस माझ्या घरात चहाला कोण आलंय तेही बघणार? मग तू आणि मी उपाशी मरू, चुगल्या करायला काही उरणारच नाही." सगळ्या हसल्या. पण सह्या करायला तयार झाल्या.

एकच अट. पहिली सही अतांची हवी. अता म्हणजे आमचे आजोबा, गल्लीतले सगळ्यात मोठे — लग्न असो, पाळणा असो, घराचा पाया असो, हात पसरून बता, म्हणजे आशीर्वाद, द्यायला त्यांनाच बोलावतात. त्यांच्या आधी कोण सही करणार!

घरी येऊन कागद पुढे ठेवला. अता चहा ओतत होते. म्हणाले, बघू.

१५ जून
बघू.

१९ जून
पापांचा फोन. मी एका दमात सगळं सांगितलं — टॉवर, सह्या, सावली. मला वाटलं म्हणतील, शाबास बेगिमाय! ते म्हणाले, अभ्यास काय म्हणतोय. मग म्हणाले, टॉवर अगदीच वाईट आहेत का गं? लिफ्ट असेल, गरम पाणी असेल.

मी म्हटलं पापा, इथे कोण राहणार आहे त्यात? ते म्हणाले, असतील कुणी. ज्यांना घर नाही असे.

काकूला सांगितलं तर ती म्हणाली, बांधकामावर राबतो तो, त्याला इमारत दिसली की बरंच वाटणार. काकू उलजान तशी चांगली आहे, पण घर धाकट्या मुलाचं, म्हणजे काकांचं, हे ती कधी विसरत नाही. मोठ्या मुलाने आपलं आपण बघायचं, अशीच रीत. पापा मागच्या उन्हाळ्यात दोन आठवडे आले तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत झोपले होते. मम्मी तर आलीच नव्हती. मी चौथीत असल्यापासून असंच चाललंय.

फोन ठेवताना म्हणाले, पुढच्या वर्षी कायमचे येऊ बहुतेक. दर वर्षी म्हणतात.

२३ जून
आजचा दिवस बेस्ट!!

मी फुगे आणले, गॅसचे, लाल. सगळे एका दोरीला बांधले. दोरीवर मजल्यामजल्याला एक रिबन. शेतात जाऊन सोडले. सगळी गल्ली गच्च्यांवर. फुगे वर, वर, अजून वर — आणि सगळ्यांच्या माना मागे. खडूने काढलेलं कळत नव्हतं, हे कळलं. सैराकान एजे एवढंच म्हणाल्या, "अगं बाई. हे तर आपल्या डोक्यावर बसणार."

अता पण आले होते! काठी टेकत, शेतापर्यंत. डोळ्यांवर हात धरून किती तरी वेळ बघत होते. मग मला विचारलं, "यात आठवा मजला कुठला गं?"

मी रिबन मोजून दाखवली. निळी.

"हं. म्हणजे तिथून आपली गच्ची दिसेल."

हा पॉइंट माझ्या डोक्यातच आला नव्हता — प्रायव्हसी! लगेच लिहून घेतला. अतांना पटतंय हळूहळू.

मग वारा आला आणि दोरी सुटली. फुगे डोंगराकडे गेले. अता ते दिसेनासे होईपर्यंत उभे होते.

१ जुलै
काय लिहू.

एरमेक आला होता, टॉवरवाला. मूळचा इथलाच, खालच्या मोहल्ल्यातला, आता ओश शहरात मोठं ऑफिस आहे. मेंढा घेऊन आला. आजीच्या नावाने कुराण वाचून घ्यायचं म्हणे. मेलेल्या माणसाच्या नावाने आलेल्याला दारातून कोण परत पाठवणार? काकूने मेंढा शिजवला. मी रागाने आत बसले. पण जेवण झाल्यावर अतांचा आवाज आला म्हणून दाराशी गेले.

अतांनी दोन्ही हात उघडे पसरले होते. समोर एरमेकचे हात तसेच. अता म्हणाले, "तुझी वास्तू उभी राहो. तिच्यात माणसं नांदोत. लांब गेलेली घरी परत येवोत." आणि सगळ्यांनी हात तोंडावरून फिरवले. आमीन.

एरमेकच्या ड्रायव्हरच्या हातात फोन होता. सुरू.

२ जुलै
व्हिडिओ सगळ्या गावाच्या ग्रुपवर. खाली हात जोडलेले, फुलं, हृदयं.

५ जुलै
आता कुणीच सही करायला तयार नाही. ज्यांनी हो म्हटलं होतं तेही नाही म्हणतायत. राग नाही त्यांना, उलट समजावतात मला — मोठ्या माणसाने बता दिली, आता त्याच्या उलट गेलो तर घरादाराला लागेल पोरी. सैराकान एजेंनी पण मान हलवली. तंदूरवर गेले तर माझ्या हातात रोटी दिली, पैसे घेतले नाहीत. मयताच्या घरी द्यावी तशी.

अतांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, त्याने मटण चारून तुम्हाला फसवलं, तुम्ही सगळ्यांना सांगा की परत घेतली. ते म्हणाले, दिलेली बता परत घेत नाहीत. म्हटलं, मग सांगा की कळलं नव्हतं कशासाठी देतोय.

"मला कळत होतं, बेगिमाय."

एवढंच. परत जर्दाळू फोडायला बसले. बी एकीकडे, गर एकीकडे.

वय झालंय त्यांचं. मान्य करत नाहीत, पण झालंय.

१२ जुलै
टॉवरच्या परवानगीची सुनावणी झाली. नीट आठवून लिहिते.

शाळेचा हॉल. जिल्ह्याहून आलेल्या बाई, एरमेक, त्याचा इंजिनियर. गल्लीतले सगळे आलेले, पण मागच्या भिंतीला चिकटून. अता पहिल्या रांगेत, पांढरी टोपी घालून. एरमेकने व्हिडिओ लावला. मग बाईंनी विचारलं, कुणाची हरकत आहे? कुणी हललं नाही.

मी उठले. सावलीचं बोलले, पाण्याचं बोलले — आमच्या पाटाला आठवड्यातून दोन पाळ्या येतात, दोन टॉवरना पाणी कुठून? कुणी ऐकत नव्हतं. सगळे अतांकडे बघत होते. तेव्हा मी ते बोलले. म्हटलं, माझे आजोबा म्हातारे आहेत. आजीच्या नावाने आलेला पाहुणा समजून त्यांनी हात पसरले. कशासाठी बता देतोय हे त्यांना कळलं नाही. अशी बता लागू होत नाही!

एरमेक हसला. म्हणाला, आजोबा इथेच बसलेत, त्यांनाच विचारा ना.

बाई खुर्चीवरून पुढे झुकल्या, आवाज चढवून बोलल्या, बहिऱ्याशी बोलतात तसं. "अकसकाल, आजोबा, पोरगी म्हणते ते खरं आहे का?"

अतांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी उभीच होते. मला वाटलं आता हे मला सगळ्यांसमोर खोटं पाडणार.

"खरं आहे," अता म्हणाले. "मला कळलं नाही. म्हातारा झालो."

आणि मागच्या भिंतीचे लोक पुढे आले! एकेक करून सगळे! सैराकान एजे सगळ्यात आधी!

अता कधी निघून गेले कळलंच नाही. मी त्यांना थँक्यू म्हणायला घरी आले तर ते झोपले होते. दुपारी कधी झोपत नाहीत.

२० जुलै
शेजारी आज पाळण्याचा कार्यक्रम. नवं बाळ पहिल्यांदा पाळण्यात. अतांनी सकाळी दाढी नीट केली, टोपी घातली, दाराशी बाकावर जाऊन बसले. आम्हाला पलीकडून हसण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते.

बोलवायला कुणी आलं नाही.

दुपारी काकूने सांगितलं, खालच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्याला बोलावलं म्हणे. कुजबुजत म्हणाली, त्यांचंही चुकलं नाही गं, लहान बाळ आहे, आणि अतांना आता — ती डोक्यापाशी बोट नेणार होती. माझ्याकडे बघून थांबली.

अतांनी संध्याकाळी टोपी काढून खुंटीला लावली. मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, कशाबद्दल?

२ ऑगस्ट
जिल्ह्याचा निकाल आला. जिंकलो. दोन नाही, एकच इमारत. आणि बारा नाही, चार मजले. चार! मिनारापेक्षा खाली! सैराकान एजेंनी मोठ्या कढईत पुलाव केला, मला मिठी मारताना माझ्या केसांना पीठ लागलं. म्हणाल्या, "तू बिश्केकला काय शिकलीस मला माहीत नाही, पण उगाच नाही शिकलीस."

ताट घेऊन अतांकडे गच्चीवर गेले. ते जर्दाळू उलटत होते. बातमी आधीच कळली होती.

"ऊन राहिलं," म्हणाले. "चांगलं झालं." पुलाव थोडासा खाल्ला.

मग म्हणाले, पापाला तू सांगू नकोस. मी सांगतो.

६ ऑगस्ट
पापांचा फोन आला. रागावलेले नव्हते. आवाज दमलेला होता. म्हणाले, मम्मी म्हणते आणखी तीन वर्षं चालेल, काँट्रॅक्ट वाढवून घेतो. मी म्हटलं, का? येणार होता ना तुम्ही?

म्हणाले, "कुठे येणार, बाळा? आपला फ्लॅट आठव्यावर होता."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते सांगत राहिले — तुला सरप्राइज द्यायचं ठरलं होतं. फक्त अतांना माहीत होतं. एरमेकला घरी त्यांनीच बोलावलं होतं. अतांनी फोनवर सांगितलं होतं, आठव्यावरून आपली गच्ची दिसते म्हणून.

मी वर गेले. अता जर्दाळू उलटत होते. संध्याकाळ झाली होती आणि पूर्ण गच्चीवर ऊन होतं.