माहेरचं गरम पाणी

३ डिसेंबर, बुधवार
आजपासून या घरात धूर बंद. न्हाणीतली चूल स्वतःच्या हाताने फोडली. अक्षया पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. माझ्या लेकीने धुरात डोळे चोळावेत म्हणून मी मुंबईत एकतीस वर्षं स्टोअरकीपरी केली नाही. गॅस गीझर, गॅस हीटर, गॅस शेगडी, सगळं आणलंय. सावित्रीचं म्हणणं, बाळंतीण जाईपर्यंत तरी चूल रवांदे. बायकोला व्हिजन नाही.

६ डिसेंबर
प्लंबर मंगेश आला. म्हणे टाकी बुटकी आसा, प्रेशर येवचो नाय, चौथरो पाच फूट वर घेवा. दहावी नापास माणूस मला प्रेशर शिकवतो. चौथरा वाढवणार नाही. गीझर मात्र त्याने हट्टाने बाहेरच्या भिंतीवर लावला. लावू दिला. गरिबाचं मन कशाला मोडा.

९ डिसेंबर
गीझर नुसता टिक टिक करतो. पेटत नाही. नवीन आहे, रुळेल. शेजारचा लवू कुंपणावरून बघत होता. हा माणूस अजून नारळाची सोडणं जाळून पाणी तापवतो. तोंडाला काजळी, आणि हसतो मला.

२७ डिसेंबर
मुलगी झाली. दोघी सुखरूप. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून थोडा रडलो. नंतर नर्सला गीझरबद्दल सांगितलं. ती कामात होती.

३० डिसेंबर, सकाळी ९
बाळ घरी आलं. तुळसा न्हाऊ घालायला आली, पाय पसरून बसली. गीझर पेटला, तांब्याभर कोमट पाणी आलं, विझला. तुळसाने विचारलं, ह्या पाण्यात मासो तरी धुवूक होतलो काय. वाडीतली शंभर पोरं न्हाऊ घातली म्हणून बाई शहाणी होत नाही. शेवटी सावित्रीने लवूकडून दोन बादल्या कढत पाणी आणलं. तात्पुरती व्यवस्था.

२ जानेवारी
बाळंतिणीला शेक द्यायचा. तुळसाला खाटेखाली निखारे हवेत. मी हीटर लावला. दहा मिनिटांत अक्षयाचं डोकं दुखायला लागलं, तर तुळसाने हीटर बंद केला आणि दारं-खिडक्या सताड उघडल्या. मग ऊब राहणार कशी? साधं विज्ञान नाही.

४ जानेवारी
दोन्ही सिलिंडर संपले. एक शेगडी-हीटरने खाल्ला, एक माझ्या चाचण्यांनी. एजन्सीतला माणूस म्हणतो, इतक्यात बुकिंग होणार नाही. बाळंतीण आहे म्हटलं, तर म्हणे कॉम्प्युटर घेत नाही. सावित्री लवूकडे सहा खेपा घालते, कंबर धरून बसते. लवूने निरोप दिला, चेडवाक हयसरच हाडा न्हावक. माझी लेक लवूच्या न्हाणीत? स्पष्ट नकार दिला.

५ जानेवारी
जावयाचा बांद्याहून फोन. त्याच्या आईने पाणी तापवून ठेवलंय. पहिलं बाळंतपण आठ दिवसांत माहेराहून उठून सासरी? गावात तोंड कुठे लपवू? अक्षयाला म्हटलं, दोन दिवस थांब. ती म्हणाली, बाबा, लवूकाकांकडे न्हायले असते तरी माहेरीच होते ना. मुलींना तत्त्व कळत नाही.

६ जानेवारी
गेल्या. सावित्रीही गेली. बारसंही तिकडेच.

१४ जानेवारी
मंगेशकडून टाकी पाच फूट वर घेतली. मूळ कल्पना माझीच. सिलिंडर आला. गीझर पहिल्या टिकला पेटला. हात लावता येईना इतकं कढत पाणी. मी सांगत होतो. अक्षयाला फोन केला. म्हणाली, बाळ आत्ताच न्हाऊन झोपलंय, हळू बोला. हळू सांगितलं. बरं म्हणाली.

दोन बादल्या भरून न्हाणीत ठेवल्या. संध्याकाळपर्यंत निवल्या. नेऊन माडाला ओतल्या.