टाकीचे झाकण आणि बी.ई.

एरंडोल, १४ जून १९६९

तीर्थस्वरूप अक्कास जीवरामचा वाकून नमस्कार.

धुळ्यात तुझा गुडघा कसा आहे? (मी पाठवलेले तेल चोळतेस ना, की भाऊजींनी डॉक्टर गाठला?) इकडे सगळे ठीक, मी सोडून.

काकांचा चुडामण बी.ई. होऊन पुण्याहून आला आहे. तेव्हापासून आपल्या घरी त्याला खुर्ची आणि कपबशी, मला ओटा आणि पितळी पेला. परवा तुझ्या भावजयीने त्याच्यासाठी मांडे केले, माझ्या ताटात कळण्याची भाकरी. मी मनात म्हटले, पदवीला भूक जास्त लागत असेल.

काल सकाळी विहिरीवरचे इंजिन बंद पडले. नवी केळी नुकतीच लावलेली, पावसाचा पत्ता नाही, आबांचा जीव खालीवर. आता गेली बावीस वर्षे चार गावांची इंजिने मी नुसत्या कानाने ओळखतो, हे तुला माहीत आहे. मी म्हटले नोझल. नोझल काढले. मग म्हटले पंप. तोही काढला. दुपारपर्यंत अर्धे इंजिन बारदानावर पसरले, तेव्हा आबांनी चुडामणला बोलावणे धाडले. (मला न विचारता, अक्का.)

तो पांढरी पॅन्ट घालून आला. मला बरे वाटले, म्हटले आता माखेल. त्याने कशालाच हात लावला नाही. एक फेरी मारली आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, "भाऊ, टाकीमा डिझेल शे ना?"

मी झाकण उघडले. नव्हते.

डिझेल आणले, सुटे भाग मी जोडले, नळीतली हवाही मीच काढली. ते त्याला येत नव्हते, तो शेजारी उकिडवा बसून बघत होता. इंजिन सुरू झाले, पाटाला पाणी आले. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर हा म्हणतो, "आबा, बिघाड भाऊंनीच शोधला." सगळ्यांदेखत. एखादा टोमणा मारला असता तर मी दोन हात केले असते. शिकलेला तो, आणि वर चांगलाही तोच! माणसाने दुसऱ्यासाठी काही शिल्लक ठेवावे की नाही?

एकंदरीत कॉलेजात काही अर्थ नाही, खरे शिक्षण हातातच. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
जीवराम

ता. क. : आपली इंदू मॅट्रिक पास झाली, अडुसष्ट टक्के. तिला धुळ्याच्या कॉलेजात सायन्सला घालायचे आहे. तुझ्याकडे राहिली तर चालेल का? भाऊजींना विचारून लगेच कळव, फॉर्मची मुदत जवळ आली आहे.

आणखी एक : ही कल्पना मुळात चुडामणची. पण घरात मी ती माझी म्हणून सांगितली. पोरगी माझ्या पाया पडली, आणि तो मेला शेजारी बसून त्यालाही मान डोलावत होता.